नगावरचे आणि पगारावरचे

लूसिया बोटीवर माणसांच्या दोनच जाती होत्या. एक नगावरची, एक पगारावरची.

नगावरचे म्हणजे सहा पाणबुडे. समुद्राच्या तळावरून मोत्याचे शिंपले वेचायचे आणि जितके नग तितके पैसे घ्यायचे. रबरी पोशाख त्यांचा स्वतःचा, विमा स्वतःचा, आजारपणही स्वतःचंच. पगारावरचे म्हणजे तांडेल बेसिल काका, स्वयंपाकी आणि लोरेटा. शिंपला मिळो न मिळो, वारा पडो की सुटो, पंधरवडा भरला की त्यांच्या खात्यात पैसे जमा.

लोरेटाचं काम डेकवर. पाणबुड्यांना वरून हवा पोचवणाऱ्या सहा पिवळ्या नळ्या तिच्या ताब्यात असत. नळी सैल पडली की ओढायची, ताणली की सोडायची, एकमेकींत गुंतू द्यायची नाही. शिवाय हवेच्या यंत्रावर एक कान ठेवायचा, वर आलेले शिंपले खरवडून टाक्यांत लावायचे आणि मधल्या वेळात सगळ्यांचा चहा. त्या नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला जे सहा जीव लोंबकळत असत, त्यांतला एक तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. अन्सेल्म.

अन्सेल्मचं ब्रूम बंदराच्या धक्क्यावर नाव होतं. ज्या गढूळ पाण्यात दुसऱ्याला स्वतःचा कोपर दिसत नाही, तिथून तो भरलेली पिशवी घेऊन वर यायचा. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा जोर मंदावतो, पाणी निवळतं, तेव्हा एका खेपेत तो बहिणीच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढं कमवायचा. वादळ आलं किंवा पाणी निवळलंच नाही, की हात हलवत घरी. घर मात्र लोरेटाचं होतं. बँकेने कर्ज दिलं ते तिच्या पगाराच्या स्लिपा बघून. अन्सेल्मला त्याच बँकेने दारातूनच वाटेला लावलं होतं.

"दुप्पट कमावतोस आणि राहतोस माझ्या मागच्या खोलीत," ती म्हणायची.

"भाडं देतो ना, ताई."

"देतोस. शिंपले सापडले की."

जुलैच्या भांगातली गोष्ट. बोट ऐंशी मैल पसरलेल्या किनाऱ्यासमोर नांगरून होती. वाळवंटावरून सुटलेला पहाटेचा गार वारा अजून डेकवर घुटमळत होता. सगळे न्याहारीला बसले होते. बेसिल काकांनी अंड्यावर मिरपूड घालता घालता बातमी सांगितली.

"कंपनी म्हणतेय, पुढच्या हंगामापासून पाणबुड्यांनाही पगार देऊ. ज्याला हवा त्याला. रजा, आजारपण, फंड, सगळं रीतसर. नको असेल त्याने खुशाल नगावर राहावं. ही खेप संपली की धक्क्यावर ग्रँट साहेब एकेकाला विचारतील. आत्तापासून तोंडं वाजवू नका."

तोंडं वाजलीच.

"पगार म्हणजे किती?" फर्गसने विचारलं. फर्गस टास्मानियाचा, उंचापुरा, घरी जुळ्या मुली. पाण्याखाली तो अन्सेल्मच्या शेजारच्या दोराला धरून असे.

"तुझ्या गेल्या काही हंगामांची सरासरी काढतील आणि त्यातून थोडं कापतील."

"थोडं म्हणजे?"

"कंपनीचं थोडं," काका म्हणाले, आणि टेबल हसलं.

"मी नाही घेणार," अन्सेल्म म्हणाला. "पगार घेतला की माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. मी खाली असताना मला कोणी साहेब नाही. मी आणि शिंपला. जितका डोळा चांगला तितका पैसा. आपला आजाही नगावरच होता."

"आणि आता कुठे आहे?" लोरेटा चहा ओतत म्हणाली. "कबरस्तानात, जपानी पाणबुड्यांच्या शेजारी. पाठ वाकडी होऊन गेला. त्याला दिला कोणी फंड?"

"ताई, तुला नाही कळायचं. तू वर उभी असतेस. ऊन, वारा, चहा."

"हो ना. आणि तुझी हवा काय आपोआप येते खाली?"

"यंत्र देतं ती."

तिने किटली जरा जोरातच टेबलावर ठेवली. फर्गसने विषय बदलला, पाव मागितला. पण ते वाक्य लोरेटाच्या मनातून जाईना. यंत्र देतं ती. इतकी वर्षं तिच्या हातातून गेलेल्या नळ्या, आणि या पोराला वाटतं, यंत्र देतं.

त्याच दिवशी दुपारी अन्सेल्म वर आला तो डावा कान दाबूनच. टोपी काढली तर मानेवर रक्ताचा बारीक ओघळ. दोन दिवसांपासून सर्दी होती, त्याने ती कोणाला सांगितली नव्हती. भांगातला एक दिवस बुडवणं म्हणजे खिशाला भोक. पगारी माणूस रजा टाकतो, नगावरचा सर्दी लपवतो.

बेसिल काकांनी बॅटरी लावून कानात पाहिलं आणि मान हलवली. "पडदा गेला. या खेपेत तू पाण्यात उतरायचं नाहीस."

"काका, उद्यापर्यंत…"

"उतरलास तर कायमचा बहिरा होशील. मग मी शिव्या देईन त्या ऐकू येणार नाहीत तुला. बस खाली."

तो बसला. चेहरा असा, की जणू बोट त्याला सोडून निघून गेली होती. सहावा दोर मोकळा पडला. काका थोडा वेळ त्या दोराकडे बघत राहिले, मग लोरेटाकडे वळले.

"तुझ्याकडे पाणबुडीचा परवाना आहे ना?"

"आहे. मोत्यांच्या शेतावर जाळ्या साफ करायला उतरायचे मी. पण हे असं ओढत नेणारं काम कधी केलं नाही."

"करून बघायचंय?"

तिने भावाकडे पाहिलं. तो दुखऱ्या कानावर हात ठेवून हसला. "जा की. कळू दे एकदा. मी करतो तुझा चहा."

"नुसता चहा नाही," काका म्हणाले. "तू नळ्या धरायच्या. ती जे वेचेल ते तिचं, नगावर. तिचा डेकवरचा दिवसाचा पगार तुझा. कबूल?"

"मला पगार?" अन्सेल्म म्हणाला. "जन्मात पहिल्यांदाच काम न करता पैसे मिळणार."

लोरेटाने त्याला नळ्या दाखवल्या. कुठली सैल सोडायची, कुठली अंगठ्याखाली धरायची, बोट वळताना आधी कुठल्या बाजूची आत घ्यायची. तो ऐकल्यासारखं करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्यात उतरली.

बोटीच्या दोन्ही बाजूंना लांब दांडे बाहेर काढलेले असतात. प्रत्येक दांड्याला तीन दोर, टोकाला शिशाची वजनं. पाणबुड्याने आपला दोर धरायचा. बोट मुंगीच्या चालीने पुढे सरकते आणि सहाजण तळाच्या जरा वर, पालथे, तरंगत ओढले जातात. खाली समुद्राचा तळ सरकत असतो.

सात वाव, म्हणजे चाळीसेक फूट खोलीवर लोरेटाने डोळे नीट उघडले आणि क्षणभर श्वास घ्यायचंच विसरली. ती उडत होती. खाली हिरवट धुकं, धुक्यातून वर आलेले स्पंजांचे लाल-जांभळे रांजण, पंख्यासारखी पसरलेली पोवळी. एक समुद्रसाप तिच्या हाताजवळून आळसावत गेला, तिच्याकडे ढुंकूनही न बघता. इतकी वर्षं ती या जागेच्या अगदी डोक्यावर उभी राहून चहा करत होती.

आणि शिंपले? ते कुठेच नव्हते.

शेजारच्या दोरावरून फर्गस सपकन खाली झेपावला, हात मारला, पिशवीत टाकलं, परत दोराला लागला. पुन्हा झेपावला. तिला तिथे नुसती वाळू दिसत होती. फर्गसने तिच्याकडे पाहिलं, एक बोट वाळूकडे केलं. तिने निरखून पाहिलं. चिखलात एक बारीक वाकडी रेघ होती, कोणी ओठ मिटून हसू दाबावं तशी. तो शिंपला होता. ताटाएवढा. अंगावर स्पंज, शेवाळ, वाळू, आणि बाहेर फक्त ती रेघ. तिने हात घातला तोवर बोटीने तिला पुढे नेलं होतं.

पहिल्या फेरीला ती वर आली तेव्हा पिशवीत तीन शिंपले होते, त्यांतला एक मेलेला.

"ताई," अन्सेल्म नळ्यांच्या गुंत्यात उभा राहून ओरडला, "एवढ्यात तर काडेपेटी पण येणार नाही!"

"तू आधी त्या नळ्या सोडव," बेसिल काका चाकाजवळून गरजले. "डाव्या बाजूच्या दोन एकमेकींच्या गळ्यात पडल्यात. लग्न लावतोयस का त्यांचं?"

लोरेटाला हसू आलं, पण ती मनातून हादरली होती. अन्सेल्म दिवसाला किती काढतो ते तिला ठाऊक होतं. तो आकडा तिने हजारदा ऐकला होता, त्यावरून त्याला टोमणे मारले होते. आज त्या आकड्याचा अर्थ कळत होता. ती रेघ. सरकत्या तळावर, गढुळात, थंडीने बधिर झालेल्या हातांनी, दिवसभर ती रेघ शोधायची. शेकडो वेळा. चुकली की गेली, बोट थांबत नाही.

"तुला दिसतं कसं रे ते?" तिने विचारलं.

"शोधायचं नाही," अन्सेल्म म्हणाला. "तळ नुसता बघत राहायचा. जिथे बघायला नको वाटतं, तिथे तो असतो."

संध्याकाळपर्यंत तिला ती विद्या थोडी साधली. आणि तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आपल्याला आता पोवळी दिसत नाहीत. लाल-जांभळे रांजण दिसत नाहीत. साप गेला काय, कासव गेलं काय. डोळा फक्त रेघ शोधतो, मन फक्त मोजतं. एक मोठा शिंपला म्हणजे दुधाचे कॅन, दोन म्हणजे विजेच्या बिलाचा तुकडा, चार म्हणजे छपराचा पत्रा. किती सहज चढली ही नशा! पगारावर असताना तिने एका दिवसाचा असा पत्र्यापत्र्यांनी भाव कधी केला नव्हता. दिवस आला तसा जायचा, त्याचे पैसे आधीच ठरलेले असायचे. आता प्रत्येक श्वासाला किंमत होती, आणि श्वास वाया गेला की जीव तळमळत होता.

त्या दुपारी ती एका दाट पट्ट्यावर नुकतीच पोचली होती. रेघा अशा पडलेल्या, जणू कोणी पेरून ठेवल्या होत्या. तेवढ्यात तिला तो आवाज आला.

आधी तो कानात आलाच नाही. बरगड्यांत आला. देवळातली मोठी घंटा वाजून गेल्यावर तिच्या पोटात हात ठेवावा तसा. मग एक लांब, वर चढत जाणारा स्वर, मग कण्हल्यासारखा एक. देवमासे लांब कुठेतरी गात असतात, हे तिला माहीत होतं. पाणबुडे जेवताना सांगायचे. तिने ऐकलं आणि पुढची रेघ उचलली. आणखी एक. आवाज वाढत गेला, छातीतली हवा थरथरू लागली. आणखी एक, असं म्हणून तिने हात लांब केला.

आणि उजेड गेला.

ढग आला, असं तिला वाटलं. समोरची वाळू काळी झाली, रेघा पुसल्या गेल्या. ती चिडली. खरंच चिडली, इतका चांगला पट्टा होता. म्हणून तिने मान वर केली.

डोक्यावर आभाळ नव्हतं. तिथे एक पोट होतं.

पांढरं, लांबलचक खाचांचं, नांगरलेल्या शेतासारखं. ते एका बाजूने सुरू होत होतं आणि दुसऱ्या बाजूला संपत नव्हतं. एक पंख बोटीच्या दांड्याएवढा लांब, कडेला पांढऱ्या खपल्या, तिच्यापासून दोन हातांवर पाण्यात हलत होता. मारण्यासाठी नाही, नुसता तोल सांभाळायला, झोपेत आई पोराच्या अंगावर हात फिरवते तितक्या सावकाश. आणि त्या पंखाखाली खरोखरच पिल्लू होतं. आईच्या मानाने पिल्लू, एरवी लोरेटाच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत न मावणारं.

बोट थांबली होती. काकांनी इंजिनाचा गिअर काढला असणार. सहाही पाणबुडे आपापल्या दोराला लटकून स्थिर. कोणी हलत नव्हतं. लोरेटाला स्वतःच्या श्वासाचे बुडबुडे वर जाताना दिसले, त्या पांढऱ्या पोटाला लागले आणि फुटून दोन्ही बाजूंनी वर निघाले. तिने सोडलेला श्वास त्या प्राण्याच्या अंगावरून ओघळत होता.

मग तिला नळ्या दिसल्या.

सहा पिवळ्या नळ्या, वर उजेडाकडे गेलेल्या. बोट थांबल्यामुळे सैल पडलेल्या, पाण्यात मोठे फास करून तरंगणाऱ्या. देवमाशीण त्या नळ्यांमधूनच जात होती. एक फास त्या पंखात अडकला असता, तर तिने नुसतं वळून पाहिलं असतं तरी नळी उपटायला पुरे होतं. फर्गसची नळी सगळ्यात वाईट होती. तिचा फास थेट पंखाच्या वाटेत आला होता.

आणि तेवढ्यात ती नळी हलली. वरून कोणीतरी ती ओढली. हिसका न देता, हातावर हात टाकत, अलगद. फास लहान झाला, पंखाच्या टोकावरून बोटभर अंतराने सरकला आणि वर गेला. मग दुसरी नळी. मग तिची स्वतःची. तिला ओठांजवळ किंचित ताण जाणवला, कोणी हनुवटीला हात लावून मान सरळ करावी तसा. मग चौथी, पाचवी. एकामागून एक पिवळे फास उलगडत गेले, तारा लावल्यासारखे सरळ झाले, आणि मधून ते अवाढव्य अंग निघून चाललं होतं.

हे तिचं काम होतं. रोज ती हे करत होती, ऊन खात, चहाची चिंता करत. खालून ते असं दिसतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. खालून वरची माणसं दिसत नाहीत. फक्त एक पिवळी रेघ दिसते, ती उजेडात जाते, आणि तिच्या टोकाला कोणीतरी जागं आहे एवढं कळतं. तिला काचेआड रडू फुटलं, आणि काचेत रडलं की पुसता येत नाही.

पिल्लू वळलं. त्याला काय वाटलं कोण जाणे. ते आईच्या पंखाखालून बाहेर आलं आणि तिच्यासमोर थांबलं. डोळा तिच्या मुठीपेक्षा मोठा, तपकिरी, सुरकुत्यांत बसलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं. साप, मासे, कासवं बघून न बघितल्यासारखी गेली होती. हा डोळा मात्र तिच्या गळ्यातल्या पिशवीवर, हातांवर, तोंडातल्या नळीवर फिरला, परत तिच्या डोळ्यांवर आला आणि तिथे थांबला. तिला वाटलं, आपण हात जोडावेत. पण हात दोराला धरलेले होते, म्हणून तिने नुसती मान खाली केली. आईने खालच्या पट्टीत एक हाक दिली, ती लोरेटाच्या दातांत वाजली, आणि पिल्लू गेलं. मग शेपटी गेली, किती वेळ जात राहिली. नंतर एकदम ऊन पडलं, तळावर, वाळूवर, हिरवं, हलतं.

लोरेटा वर आली तेव्हा फर्गस डेकवर पाय पसरून बसला होता. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. बेसिल काका, ज्यांचा जन्म या पाण्यावर गेला होता, ते टोपी काढून उत्तरेकडे बघत उभे होते. सहाही पिशव्या जवळपास रिकाम्या. शेवटचा अर्धा तास कोणी हातच घातला नव्हता.

अन्सेल्म नळ्यांच्या वेटोळ्यात गुडघ्यांवर बसला होता. अंगरखा घामाने भिजलेला. त्याचे तळवे लाल झाले होते, एका ठिकाणी साल निघाली होती.

"कोणती आधी घ्यायची तेच आठवेना," तो म्हणाला. "तू सांगितलं होतंस, मी ऐकलंच नव्हतं. काका ओरडत होते, मला या कानाने ऐकू येत नव्हतं. मग फर्गसची दिसली. तिकडे तू होतीस, ताई. मला खाली तू दिसत नव्हतीस, नुसते बुडबुडे."

"मला तुझे हात दिसत होते," लोरेटा म्हणाली.

"पाण्यातून?"

"नळीतून."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "किती मिळतात म्हणालीस या कामाचे? दिवसाचे?"

तिने सांगितलं. त्याला तो आकडा आधीपासून माहीत होता. तरी तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा आपल्या सोललेल्या तळव्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली आणि त्याच्या डोळ्यांत जुना खट्याळपणा आला.

"म्हणजे या फेरीत बोटीवर कमावता एकटा मीच! तुम्ही सगळे फुकटे!"

तेव्हा कुठे सगळे हसले. फर्गस तर इतका हसला की रडायला लागला. चहा स्वयंपाक्याने केला, गोडमिट्ट, आणि कोणी तक्रार केली नाही.

"तुम्ही ऐकता तो आवाज रोज?" लोरेटाने नंतर भावाला विचारलं. दोघं डेकच्या कडेला पाय सोडून बसले होते.

"जुलैत, ऑगस्टमध्ये, रोजच."

"आणि वर बघता?"

"वर बघितलं की दोन शिंपले जातात," तो म्हणाला. "इतके हंगाम झाले. माझ्यावरूनही गेली असेल एखादी. मी अंधार झाला म्हणून चिडलो असेन."

"मीही चिडले होते," ती म्हणाली.

खेप संपली. धक्क्यावर ग्रँट साहेब गाडीजवळ उभे होते. एकेकाला बाजूला घेऊन विचारत होते. फर्गसने पगार घेतला. "मुली शाळेत जातील आता," तो म्हणाला, "त्यांना दर महिन्याला जेवण लागतं." दोघांनी नगावरच राहायचं ठरवलं, दोघे विचार करतो म्हणाले.

अन्सेल्मला डॉक्टरांनी हंगामभर पाणी बंद सांगितलं. नगावरच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. त्याने आपणहून डेकवरचं काम मागितलं, लोरेटाच्या जागी, तिच्याच पगारावर. आणि ग्रँट साहेबांना एक गोष्ट ऐकवली. "साहेब, नळी धरणाऱ्यालाही प्रत्येक शिंपल्यामागे काहीतरी मिळायला पाहिजे. पाच सेंट असोत. पण पाहिजेत. हवा काय यंत्र देतं?"

लोरेटा शेजारीच उभी होती. ती हसली नाही, पण तिने त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला.

ग्रँट साहेब वर विचारतो म्हणाले. विचारलंही असावं. पुढच्या हंगामापासून डेकवाल्यांना शिंपल्यामागे तीन सेंट सुरू झाले. फार नाहीत. बेसिल काका त्यांना "माशांची बक्षिसी" म्हणत.

लोरेटा मात्र त्या हंगामाच्या उरलेल्या दिवसांत सहाव्या दोरावरच राहिली, नगावर. तिला जमायला लागलं. अन्सेल्मएवढं कधीच नाही, पण पत्र्याचं छप्पर झालं. भाऊ रोज सकाळी तिला टोमणा मारायचा, "कंत्राटदारीणबाई, आमच्यासारख्या पगारी माणसांचं काय चाललंय ते बघा जरा," आणि तिच्या नळीचा प्रत्येक जोड स्वतःच्या हाताने तपासायचा, दोनदा.

ऑगस्टच्या शेवटच्या भांगात देवमासे परत दक्षिणेला निघाले होते. लोरेटा एका बऱ्या पट्ट्यावर होती. हात भरलेले, डोळा तळावर. अचानक ओठांजवळ नळीला दोन हलके झटके बसले. तिला कळेना, एकदा ओढली की वर ये, तीनदा ओढली की धोका, हे ठरलेलं होतं. दोनदाचा अर्थ काहीच नव्हता. तिने शेजारी पाहिलं. फर्गसही आपल्या नळीकडे गोंधळून बघत होता. दांड्याखालच्या सगळ्यांच्याच नळ्या एकेक करून हलत होत्या.

मग तिच्या लक्षात आलं. वरून, उन्हात उभा राहून, अन्सेल्मला पाण्यावर देवमाशाचा फवारा दिसला असणार.

एकजण तसाच शिंपले वेचत राहिला. बाकीच्यांनी हात थांबवले. लोरेटाच्या बोटांखाली एक मोठा शिंपला होता, ओठांची रेघ स्पष्ट. बोट पुढे सरकली, रेघ मागे पडली, गेली. तिने पाठ वळवली, उताणी झाली, आणि वर बघितलं. हिरवा उजेड होता, त्यात सहा पिवळ्या रेघा, आणि फार दूर, दिसते न दिसतेशी, एक मोठी सावली, शेजारी एक लहान.